पिंजऱ्यात आधी कोण शिरतं?

प्रिय दिलीप,

फार दिवसांनी लिहितोय, रागावू नको भो. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे तसेच.

आपल्या पट्ट्यात लालतोंडी माकडं केळीत उतरतात म्हणून पिंजरे लावायचं चाललंय. पकडून सातपुड्यात सोडणार. नुकसान खरंच आहे, शेतकऱ्याला दोष नाही. पण पिंजऱ्यात आधी धीट माकडंच शिरतात, बुजरी लांबून बघतात. म्हणजे मागे उरतो तो कळप वेगळ्याच स्वभावाचा. त्यात माद्या जन्मभर आईच्याच कळपात, वयात आल्यावर निघतात ते नर. एक मादी उचलली की तिच्या आईबहिणींची घडीच मोडते.

तू नेहमी भांडायचास, माकडाचं वागणं सगळं मानावर, म्हणजे कळपात कोण वर नि कोण खाली यावर ठरतं, आईचा मान लेकीला, धाकटी थोरलीच्या वर. ते खरंच. पण सेफार्थ, सिल्क आणि चेनी या संशोधकांनी आफ्रिकेत बोट्सवानातल्या 45 रानटी बबून (तिकडची मोठी माकडं) माद्या 7 वर्षं पाहून 2012 साली मांडलं, की स्वभावाच्या तीन तऱ्हा दिसतात : मनमिळाऊ, तुटक, एकलकोंडी. मनमिळाऊ मादी खालच्या मानाच्या मादीजवळ जातानाही हुंकारते, म्हणजे मारायला आले नाही. एकलकोंडीच्या विष्ठेत ताणाचं संप्रेरक सगळ्यांत जास्त. आणि या तऱ्हांचा मानाशी ठाम मेळ बसला नाही! भांडण मी जिंकलो, चहा तुझ्याकडे.

म्हणून पिंजरे लागण्याआधी आपल्या माकडांच्या स्वभावाच्या नोंदी व्हायलाच हव्यात. आधी कानाची खाच, तोंडावरचे व्रण, शेपटीचा वाक यांवरून ओळख पक्की करायची. मग एकेकीवर 10 मिनिटं नजर. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवायची, नाहीतर डोळा धीट माकडाकडेच जातो आणि बुजऱ्यांची पानं कोरी राहतात. दर 15 मिनिटांनी सगळ्यांवर एक नजर : हाताच्या अंतरावर कोण, कोण कुणाच्या उवा काढतंय. कोण कुणाला जागा सोडतं, त्यावरून मान कळतो. देवळापाशी नोंदी नकोत. प्रसाद पडला की सगळीच भांडखोर दिसतात. आणि एका दिवसाचा धीटपणा धरू नको, तो भुकेचाही असतो. काही महिन्यांनी तेच माकड तसंच वागलं, तरच स्वभाव म्हणायचा.

हे गावात समजावून सांगायला तू हवास, तुझं लोक ऐकतात. वहिनींना नमस्कार. पोराच्या नोकरीचं काय झालं? घर बांधून झालं का? येताना दुर्बीण आण, इथल्या भिंगाला बुरशी लागलीय.

तुझा,
वसंत