‘फुकटचे’ गुण आणि झपतालाची दुगुण

महोदय,

शास्त्रीय नाचगाण्याच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल मिळणारे फुकटचे जादा गुण दहावीच्या निकालातून काढून टाका, असे एका वाचकाचे पत्र आपल्या सदरात वाचले. मी गेली एकवीस वर्षे कथकच्या वर्गात पेटीवर लेहरा, म्हणजे नाचाला ताल दाखवणारी फिरती धून, धरतो. ‘फुकटचे’ हा शब्द जरा लागला, म्हणून लिहितो.

हे गुण ज्यांवर मिळतात, त्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पायरीपायरीने असतात. आधी प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, मग मध्यमेच्या दोन. वर्षाला एक धरली तरी पाच वर्षे झाली. दहावीच्या आत मध्यमा पूर्ण व्हायची, तर पोरीने चौथी-पाचवीतच घुंगरू बांधलेले असतात. त्या वयात दहावीचे गुण कोणाच्या डोक्यात असतात?

आमचा वर्ग संध्याकाळी एका शाळेच्या खोलीत भरतो. बाके भिंतीला सरकवायची, शहाबादी फरशी झाडून घ्यायची, फळ्यावर दिवसाचे गणित तसेच. मुली शाळेतून परस्पर येतात. दप्तरात घुंगरांची पिशवी, डब्यात उरलेली अर्धी पोळी. मी फक्त शनिवारी असतो, एरवी मोबाइलमधला लेहरा. तिहाई (तोच बोल तीनदा) समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, टेकणार, तेवढ्यात त्याच मोबाइलवर कोणाच्या तरी आईचा फोन, ‘पोचली का गं?’ सम गेली! (पेटीवर फोन येत नाही, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.)

परीक्षेत नुसते नाचून भागत नाही. हातावर टाळी देत झपताल म्हणा, आता दुगुण (दुप्पट लयीत) करा, असे परीक्षक सांगतात. दहा मात्रा, सहावीला खाली, म्हणजे टाळी नाही. घरी पाठ असलेले तिथे बरोबर घसरते. मागच्या खेपेस नववीतली एक मुलगी तोड्यात (नाचाच्या छोट्या बंदिशीत) समेच्या एक मात्रा आधीच आली. तिचे तिलाच कळले. घामाघूम झालेली, तरी थांबून म्हणाली, ‘सर, परत घेऊ?’ मला मानेने लय दाखवली आणि दुसऱ्यांदा समेवर आली.

निव्वळ गुणांसाठी येणारेही असतात, नाही असे नाही. एका मुलाचे घुंगरू परीक्षेनंतर दोन महिने आमच्याच खिळ्याला लटकत होते. पण पूर्वी नववी लागली की बहुतेकांचे घुंगरू माळ्यावर जात. आता वडील म्हणतात, ‘मध्यमा होऊ दे, मग बघू.’ त्या ‘मग बघू’वर मूल आणखी दोन वर्षे वर्गात राहते. हे गुण काढले, तर पहिल्यांदा जाईल ती हीच दोन वर्षे.

पत्रलेखकांनी एखाद्या शनिवारी सहाला जरूर यावे. खुर्ची नाही, बाकावर बसावे लागेल.

– एक पेटीवादक, सातारा