ऑडिटरला शिव्या घालणाऱ्या मित्रास

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय भावा,

एकाच गावात राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. समोर बसलो की तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि परवा कट्ट्यावर तर तू नुसता पेटला होतास. गिऱ्हाइकाचे ऑडिटर येऊन तुझ्या फाउंड्रीत एनसींचा, म्हणजे नियमभंगाच्या नोंदींचा, ढीग टाकून गेले. त्यातली एक तर म्हणे सँड टेस्टिंगच्या रजिस्टरवरची सही निळ्या शाईत नाही म्हणून. तो सगळा राग तू माझ्यावर काढलास. "तू बी त्यातलाच. हेलिकॉप्टर चालवत न्हाईस, आता दुरुस्त बी करत न्हाईस, दुसऱ्याच्या चुका काढायचं पैसं घेतोस." घेतो, खरं आहे. पण कुणाच्या चुका, ते सांगायच्या आत तू बिल देऊन उठलास.

तर ऐक. मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर मुंबई हाय. १९७४ मध्ये तिथं तेल सापडलं, पुढे भर समुद्रात प्लॅटफॉर्म उभे राहिले, आणि तिथं कामाला जाणारी माणसं जुहूहून हेलिकॉप्टरने ये-जा करतात. तेलकंपन्या बहुधा स्वतः हेलिकॉप्टर बाळगत नाहीत, भाड्याने घेतात. भाड्याने देणाऱ्याकडे डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचं, परमिट असतंच. तरी तेलकंपनी आपला ऑडिटर, म्हणजे माझ्यासारखा, पाठवते, कारण परमिट म्हणजे कायद्याला पुरेल इतकं. पावसाळ्यातल्या समुद्रावरून रोज माणसं न्यायची तर त्याच्या वर काय काय लागतं, ते आयओजीपी या तेल-वायू उत्पादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ६९० क्रमांकाच्या अहवालात लिहून ठेवलंय. आमची पोथी ती. ऊर्जा क्षेत्र म्हटलं की पाइपलाइनवरची गस्त, विजेच्या मनोऱ्यांची पाहणी, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर माणसं उतरवणं हेही येतं, पण माझे हात आधी हेलिकॉप्टरच्या ग्रीसने काळे झाले आणि मग तेलवाल्यांच्या कागदांनी.

पहिला अर्धा दिवस फायलींत जातो. पायलटांच्या ड्यूटीचे तास, ट्रेनिंगच्या नोंदी, टेक लॉग (मशीनच्या बिघाड-दुरुस्तीची वही), पुढे ढकललेली दुरुस्तीची कामं. ते सांगून तुला झोप आणत नाही. मला रस रात्रपाळीत. हेलिकॉप्टर दिवसा उडतं, त्याची दुरुस्ती रात्री होते, आणि पहाटे कुठलं मशीन द्यायचं ते रात्रीच ठरतं. क्वालिटी मॅनेजर मला एसीत बसवून चहा पाजायला बघतो, मी जेवण झालं की हँगरात जाऊन उभा राहतो. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, एखादी जागा रिकामी दिसली की विचारतो कुठाय. तुझ्या फेटलिंगमध्ये, ओतीव साफ करायच्या खात्यात, पाना हरवला तर तू उद्यमनगरातून नवा मागवतोस. इथं तो सापडेपर्यंत मशीन उडत नाही. मग स्टोअर. सीलंटची मुदत बघायची, सर्टिफिकेट नसलेला पार्ट वेगळ्या पिंजऱ्यात कुलपाआड आहे की चांगल्या मालाशेजारी, ते बघायचं. इंधनाचा नमुना माझ्यासमोर काढायला लावतो. पाणी ओळखायच्या कॅप्सूलचा रंग बदलतो का यापेक्षा मला बघायचं असतं, की काढणाऱ्या पोराला हे रोजचं आहे की तो आज पहिल्यांदाच बरणी शोधतोय.

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणजे गिअरची. १९८६ च्या नोव्हेंबरात शेटलंड बेटांजवळ तेलकामगारांना घेऊन येणारं चिनूक हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, ४७ पैकी ४५ माणसं गेली. पुढच्या गिअरबॉक्समधला गिअर तुटला होता. त्यानंतर उत्तर समुद्रात एक यंत्रणा रुळली, आम्ही तिला हम्स म्हणतो. गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग यांची थरथर ती सतत मोजते आणि उड्डाणानंतर आकडे उतरवून बघायचे असतात. आकडा मर्यादेच्या वर गेला की अलार्म. सगळे अलार्म दाखवतात, मी मर्यादेच्या आतले आलेख मागतो. पुराच्या दिवसांत आपण राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी कशी बघतो आठव. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला, पण ३६ वर असतानाच आपण विचारतो, तासाला किती इंचानं चढतंय? हम्सचं तसंच आहे. मर्यादेच्या आत राहून रोज थोडा थोडा चढणारा आलेख कुणी बघतं का, आणि बघणारा सुट्टीवर गेला तर कोण बघतं? या दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याच ठिकाणी लोक एकमेकांकडे बघायला लागतात.

आणि यंत्राने सांगितलं म्हणजे माणसाला कळलं असंही नाही. २००९ च्या १ एप्रिलला स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडलं, सोळा माणसं गेली. त्याआधी २५ मार्चला, म्हणजे ३६ उड्डाणतास आधी, त्याच गिअरबॉक्सच्या, तेलातले कण पकडणाऱ्या चिप डिटेक्टरवर धातूचा कण सापडला होता! चालवणारे आणि बनवणारे यांच्यात फोन झाले, ईमेल झाले, त्यात गैरसमज झाला आणि तो कण गिअर खराब होत असल्याची खूण आहे हे ओळखलं गेलं नाही. मी हा अहवाल पुन्हापुन्हा वाचतो. कामचुकार त्यात कुणी सापडत नाही. सगळे कामातच होते. म्हणून कुठंही गेलो की मी विचारतो, बनवणाऱ्या कंपनीला शेवटचा तांत्रिक प्रश्न कधी विचारला, तोंडी की लेखी, उत्तर काय आलं, दाखवा.

पुढे २०१६ च्या एप्रिलात नॉर्वेत त्याच घराण्यातलं दुसरं मशीन. वरचा पंखाच सुटून गेला, तेरा माणसं गेली. गिअरमधली तड पृष्ठभागाखाली वाढत गेली होती आणि तेव्हाच्या कुठल्याही यंत्रणेला दिसली नव्हती. तुला हे दोन वाक्यांत कळेल, ऑफिसात बसणाऱ्याला समजवायला मला तासभर लागतो. अशा तडीपुढे ऑडिटर काही करू शकत नाही, हेही लिहून ठेवतो. आमच्यातले काही जण ऑडिट झालं म्हणजे विमान सुरक्षित झालं असं बोलतात, त्यांच्या शेजारी बसायलाही मला नको वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या रिपोर्टातल्या निम्म्याअधिक गोष्टी हेलिकॉप्टरवाल्याच्या नसतातच. ज्याने मला पैसे देऊन पाठवलं, त्याच्या असतात.

समुद्रातलं हेलिडेक, म्हणजे प्लॅटफॉर्मवरची हेलिकॉप्टर उतरायची जागा, कुणाचं? तेलकंपनीचं. डेकभोवती २१० अंशांत कुठलाही अडथळा नको, पण क्रेन आडवी करून ठेवायची राहिलेली असते. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक फाटलेला असतो. माणसं राहत नाहीत त्या प्लॅटफॉर्मवर पक्ष्यांची विष्ठा इतकी साचते की मधला एच पुसट होतो. गॅस टर्बाइनचा गरम धूर डेकवर येतो. हवा अचानक दोन अंशांनी जरी तापली तरी पायलटला सांगावं लागतं, कारण गरम हवेत इंजिनाची ताकद कमी पडते आणि नेमक्या उतरायच्या क्षणाला ती लागते. प्लॅटफॉर्म बांधताना चिमणी तिथं ठेवली तेलकंपनीच्या डिझायनरने, पत्करायचं कुणी? पायलटने.

प्रवासी कुणाचे? तेही तेलकंपनीचेच. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की बहुधा उलटतं, इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन वर असतं म्हणून. तलावात खोटी केबिन बुडवून, उलटी करून त्यातून खिडकीवाटे बाहेर यायचं शिक्षण देतात. मीही घेतलंय. नाकात पाणी जातं, वर कुठं आणि खाली कुठं ते कळत नाही, तेव्हा खिडकीची कड आधीपासून हातात धरलेली असेल तोच बाहेर येतो. २०१३ साली शेटलंडजवळ चार माणसं गेली, त्यानंतर ब्रिटनने नियमच केला की २२ इंचांहून रुंद खांद्यांच्या माणसाला मोठ्या खिडकीजवळच बसवायचं. आपल्या तालमीतले निम्मे गडी त्यात बसतील! आपल्याकडेही २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, नऊ जण होते, चार गेले. म्हणून या ट्रेनिंगची मुदत संपलेला माणूस "अर्जंट आहे" म्हणून यादीत घुसवलेला दिसला की मी एनसी लिहितोच, मग यादी करणारा कितीही मोठ्या खुर्चीवरचा असो.

आणि सगळ्यात वर करार. महिन्याचा ठरलेला आकार, वर उड्डाणतासाचा दर, आणि मशीन उभं राहिलं तर त्या दिवसाची कपात. पहाटे चारला इंजिनिअरला गिअरबॉक्समध्ये काहीतरी खटकतं. त्याला कुणी "उडव" म्हणत नाही. म्हणायची गरजच नाही, कपातीचा आकडा त्याला पाठ असतो. एका कंपनीच्या रिपोर्टात मी सरळ लिहिलं की सुरक्षेसाठी मशीन थांबवणाऱ्याला तुमच्या करारातलं हे कलम दंड लावतं, ते काढा. खरेदी विभागातून निरोप आला, हे तुमच्या स्कोपमध्ये नाही. मी ते रिपोर्टातून काढलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावलं नाही. पुढे कलम बदललं असं कानावर आलं, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तेच लिहिलं असणार.

तुझ्यासारखा राग हेलिकॉप्टरवाल्यांनाही येतो, आणि बराचसा रास्त असतो. पाच गिऱ्हाइकं, पाच चेकलिस्टा, प्रश्न तेच. खाणवाल्यांनी यावर तोड काढली. २०१० पासून बार्स नावाचं एकच मानक धरून एकदाच ऑडिट होतं आणि तो रिपोर्ट सगळे वापरतात. फाउंड्रीवाल्यांनी असलं काही का करू नये हे मला कळलेलं नाही, तुमच्या असोसिएशनमध्ये विषय काढ. राहिली निळी शाई. तो माणूस आळशी आहे, बाकी काही नाही. शाई खुर्चीत बसून दिसते. रात्री दोनला भट्टीवर कोण असतं आणि धातूची घडण तपासणाऱ्या स्पेक्ट्रोचं रीडिंग बसलं नाही तर हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा तो घाणा, ओतायची की थांबवायची हे ठरवायचा अधिकार त्याला आहे का, हे बघायला बूट घालून आत यावं लागतं. एकही एनसी नसलेला रिपोर्ट हातात आला तर मीसुद्धा आधी ऑडिटरचं वेळापत्रक मागतो, हँगरात किती वेळ होता ते बघायला.

पण तुझ्याकडे खरं काय शिजतंय ते मला परवाच दिसलं. गिऱ्हाईक रिजेक्शन कमी कर म्हणतं, आणि त्याच महिन्यात दर कमी करून लीड टाइम निम्मा करतं. कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, पुरता वाळायच्या आत ओतावं लागतं असं तूच म्हणालास. मग ब्लो होलची, ओतीवात वायूने पडलेल्या पोकळीची, एनसी तुझ्या एकट्याच्या नावावर का? उत्तरात लिही, मूळ कारण: अमुक तारखेच्या पर्चेस ऑर्डरमधली मुदत. कोअर शॉपच्या तारखा आणि रिजेक्शनचे आकडे शेजारीशेजारी लाव. भांडू नकोस, आवाज चढवू नकोस (जमेल तेवढं), नुसता तक्ता जोड. येणारा ऑडिटर थोडा जरी कामाचा असला तरी तो तक्ता तो वर घेऊन जाईल. त्यालाही तेच हवं असतं, फक्त स्वतःच्या साहेबाला ते स्वतःच्या तोंडाने सांगायची त्याची छाती होत नाही.

गुरुवारी दुपारनंतर गोकुळ शिरगावला येतो. ऑडिट रिपोर्ट आणि गेल्या सहा महिन्यांच्या पर्चेस ऑर्डरी काढून ठेव, आणि रात्रपाळीच्या सुपरवायझरला थांबायला सांग, मला आधी त्याच्याशी बोलायचंय. तू त्या वेळी तिथं नसलास तर बरं. वहिनींना नमस्कार सांग, जेवायलाच आहे म्हणावं.

तुझा,
चुका काढणारा