डॅफ्नीच्या चित्राखालची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत युरोपातल्या प्रबोधनकाळातील काष्ठमुद्राचित्रांवरचा (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांवरचा) लेख वाचला. चित्रे सुरेख छापली आहेत. मात्र अपोलो हा देव आणि डॅफ्नी ही वनकन्या यांच्या चित्राखाली 'प्रेमप्रसंग' असे लिहिले आहे, ते मनाला लागले.

रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस' या रूपांतरांच्या कथांच्या काव्यात डॅफ्नी वडिलांकडे लग्न न करण्याची मुभा मागते. अपोलो मागे लागतो तेव्हा जिवाच्या आकांताने पळते. दम संपल्यावर बापाला विनवते, की ज्या रूपावर हा भाळला ते रूपच नाहीसे कर, आणि तिचे झाड होते. याला प्रेम कसे म्हणायचे?

याच काव्यावरचे, बर्नार्ड सॉलोमन या चित्रकाराच्या चित्रांचे पुस्तक १५५७ साली फ्रान्समधल्या लियाँमध्ये निघाले. वर चित्र, खाली आठ ओळींचे पद्य. पंधरा सर्गांचे काव्य १७८ चित्रांत बसवताना बायकांचे बोलणे फार वेळा गळाले आणि हात उंचावून पळणारी, बोटांना पालवी फुटलेली मुलगी तेवढी राहिली. व्हर्जिल सोलिस या जर्मन चित्रकाराने ओव्हिडच्या फ्रँकफुर्टच्या १५६३च्या आवृत्तीसाठी हीच चित्रे आरशातल्यासारखी उलटी उतरवली. रंगवलेल्या मातीच्या थाळ्यांवरही सॉलोमनची चित्रे गेली. काव्य न वाचलेल्यांना त्यातली बाई कळली ती अशीच, मुकी.

मला सर्वांत जास्त छळते ती याच काव्यातली फिलोमेला. बहिणीचा नवरा टेरेअस याने तिच्यावर बलात्कार केला. हे मी साऱ्या जगाला सांगेन, असे ती म्हणाली, तर त्याने तिची जीभ छाटली. मग तिने मागावर कापडात आपली कहाणी विणली आणि बहिणीकडे पाठवली. बाईने स्वतः मांडलेली स्वतःची हकीकत! अरॅक्नी या विणकर मुलीनेही विणूनच बायकांची हकीकत मांडली. देवांनी युरोपा, लेडा, डानाए या स्त्रियांना कसे फसवले ते तिने विणले. विणकामात खोट सापडेना, तेव्हा विणकामाची देवी मिनर्व्हा हिने ते वस्त्र फाडले आणि धोट्याने तिला मारले. लेखात या दोघींचा उल्लेखही नाही.

त्या कारागिरांचे कसब मी जाणते. मुलांकडून लिनोचे (लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर कोरलेले) ठसे करून घेण्यात माझी अनेक वर्षे गेली. बारीक रेषा न तुटता राखणे किती अवघड, ते हाताला ठाऊक आहे. आमच्या शाळेतल्या मुली पुरवणीतली चित्रे कापून वहीत चिकटवत, खालच्या ओळीसकट. म्हणून विनंती, की पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि 'प्रेमप्रसंग'ऐवजी 'पाठलाग' हा शब्द घालावा.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा