मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुलं पत्र: पुढचं वादळ यायच्या आत जबाबदारी ठरवा

मा. मंत्री महोदय,
मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

श्रीवर्धनच्या बाजूच्या एका वाडीवाल्या, म्हणजे नारळ-सुपारीची बाग असलेल्या घरातून हे पत्र लिहितोय. विषय निसर्ग आणि तौक्ते वादळाचा. मंत्रालयात ती फाईल बंद झाली असेल, आमच्याकडे अजून नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कोकणात चक्रीवादळ आलं की पहिला पैसा कोण देणार, किती आणि किती दिवसांत देणार, हे वादळ यायच्या आधी जीआर म्हणजे शासन निर्णय काढून ठरवून टाका, नाहीतर दर वेळी दिल्ली आणि मुंबई एकमेकांकडे बोट दाखवणार आणि आमचा पावसाळा ताडपत्रीखाली जाणार.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग धडकलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा होता. किनाऱ्यावरची माणसं आधीच शाळांमध्ये हलवली होती, ते काम चांगलं झालं आणि त्यामुळे जीव वाचले, हे मान्य करायलाच पाहिजे. पण त्यानंतर जे झालं ते वाईट होतं. मोबाईल टॉवर बंद, रस्ते बंद, वरून लॉकडाऊन, मुंबईतल्या पोरांना आईबाप जिवंत आहेत की नाही ते कळायला मार्ग नव्हता. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरुड, तिकडे मंडणगड-दापोली, सगळीकडे तेच. वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, सुपारी मुळासकट आडवी, तिच्यावर माड, माडावर विजेची तार आणि खाली मिरीचे वेल, जायफळ सगळं चिरडलेलं. बऱ्याच वाड्यांवर लाइट यायला महिन्याच्या वर गेला, पंप बंद म्हणून बायका विहिरीवरून पाणी ओढत होत्या.

मग पंचनामे सुरू झाले आणि फॉर्मवर काय तर हेक्टर. साहेब, आमच्याकडे हेक्टरभर वाडी आहे किती जणांकडे? दहा गुंठे, पंधरा गुंठे, हीच आमची वाडी. राज्याने तेव्हा फळबागेचा दर हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केला, चांगलंच केलं, पण दहा गुंठ्याला त्याचे होतात साधारण पाच हजार. लोकांनी खूप ओरड केल्यावर झाडामागे मदत आली, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५०. पन्नास रुपयात पडलेली सुपारी कापून बाजूला सुद्धा होत नाही हो, आणि नवीन लावलेली धरायला सहा-सात वर्षं जातात, तोपर्यंत त्या घराने काय खायचं याचा विचार कुठल्याच निकषात नाही.

त्यात सातबारा. आमच्या शेजारच्या एका काकींच्या वाडीवर चुलत-चुलत मिळून पंधरा-सोळा नावं, अर्धी माणसं मुंबई-ठाण्याला, काही वारलेली आणि वारसनोंद झालेली नाही. तीस वर्षं त्या बाईने एकटीने शिंपणं केलं, झाडं वाढवली, आणि तिला सांगण्यात आलं की सगळ्यांची संमतीपत्रं आणा. कोरोनात, ई-पास मिळत नसताना! शेवटी तिने नाद सोडला. असं एक घर नाही, वाडीवाडीत आहेत.

आता पैसे कोणी द्यायचे यावर बोलतो. निसर्गच्या दोन आठवडे आधी बंगालमध्ये अम्फान आलं होतं, तिथे पंतप्रधानांनी लगेच बंगालला १००० कोटी आणि ओडिशाला ५०० कोटी ॲडव्हान्स जाहीर केले. बंगालचं नुकसान आपल्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, त्यांना मिळाले त्याबद्दल तक्रार नाही. पण निसर्गसाठी केंद्राची २६८.५९ कोटींची मंजुरी आली १३ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, वादळ जूनच्या सुरुवातीचं! पुढच्या वर्षी तौक्ते, त्यात १९ मे २०२१ ला पंतप्रधानांची गुजरात-दीवची हवाई पाहणी झाली आणि गुजरातला १००० कोटी जाहीर झाले, मग इकडे आपल्याला का नाही म्हणून भांडण, त्यातच मुख्यमंत्री किती तास फिरले आणि विरोधी पक्षनेते किती दिवस फिरले यावर चॅनेलवर चर्चा. राज्याचं २५२ कोटींचं पॅकेज आलं २७ मे ला. मधल्या दिवसांत देवगड-मालवणकडे ज्यांचे कौल-पत्रे उडाले होते त्यांच्या घरात पाऊस पडतच होता.

संसदेत कोणीही प्रश्न विचारला की केंद्राचं उत्तर ठरलेलं असतं, आपत्ती व्यवस्थापनाची प्राथमिक जबाबदारी राज्य सरकारची. राज्याला विचारलं तर सांगतात निकष केंद्राचे, एसडीआरएफमध्ये म्हणजे राज्याच्या आपत्ती निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा, आमचे हात बांधलेले. कागदावर दोघांचंही खरं आहे आणि म्हणूनच आम्ही दोघांच्या मध्ये अडकतो. माझ्या मते यात पहिलं पाऊल राज्यानेच टाकायला पाहिजे, कारण तलाठी तुमचा, कलेक्टर तुमचा, महावितरण तुमचं. केंद्राशी हिशोबाचं भांडण जरूर करा, आम्ही तुमच्या बाजूने बोलू, पण ते आमच्या खात्यात पैसे पडल्यावर करा.

आणि दर तरी एक ठेवा. निसर्गला फळबागेला हेक्टरी ५० हजार, २०२४ च्या जीआरमध्ये बहुवार्षिक पिकांना (फळबागा त्यातच आल्या) ३६ हजार आणि तीन हेक्टरची मर्यादा, मे २०२५ मध्ये परत केंद्राच्या दरावर म्हणजे २२,५०० आणि दोन हेक्टर, मग ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यातल्या पुरानंतर मर्यादा पुन्हा तीन. झाड तेच, मजुरी दर वर्षी वाढतेय आणि मदत कधी वर कधी खाली, कोण सत्तेत आहे आणि किती आरडाओरडा झाला त्यावर. माणसाने कशाच्या भरवशावर नवीन रोप लावायचं?

ओडिशाकडे बघा साहेब. १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यानंतर त्यांनी स्वतःची यंत्रणा उभी केली आणि २०१९ ला फनी आलं तेव्हा बारा लाख लोक आधी हलवले. दिल्लीची वाट बघत बसले असते तर झालं नसतं ते. आपण तर त्यांच्यापेक्षा श्रीमंत राज्य आहोत.

तर मागणं असं की मुंबई सोडून किनाऱ्यावरच्या पाच जिल्ह्यांसाठी झाडाच्या वयाप्रमाणे झाडामागे दर कायमचा ठरवा, मोठ्या माडाला आणि कालच्या रोपाला एकच भाव नको. सामायिक सातबारा असेल तर प्रत्यक्ष कसणाऱ्याला ग्रामपंचायतीचा दाखला आणि स्वतःचं हमीपत्र यावर पैसे द्या, वाटणीची भांडणं नंतर होत राहतील. पंचनामा झाल्यापासून पंधरा दिवसांत राज्याच्या तिजोरीतून पहिला हप्ता, केंद्राचे आले की तुम्ही तुमचे वळते करून घ्या. आणि किनाऱ्यावरच्या गावांत विजेच्या तारा जमिनीखालून टाकायचं काम कुठल्या गावात कधी होणार त्याची यादी तारखांसकट लावा.

अरबी समुद्रात वादळं मे-जूनला येतात आणि परत ऑक्टोबर-नोव्हेंबरला. येत्या एप्रिलच्या आत हा जीआर निघाला पाहिजे आणि त्याची मराठी प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागली पाहिजे. अडचण असेल तर कुठल्या कलमात आहे ते आम्हाला लेखी कळवा, आमच्यातले वकील, निवृत्त तलाठी, बागायतदार संघवाले बसून मसुदा करून द्यायला तयार आहेत, बोलवाल तेव्हा मंत्रालयात येऊ.

आपला,
श्रीवर्धन तालुक्यातला एक बागायतदार