नाक कुणाचं?

ती. आई-बाबांस सा. न.,

आम्ही तिघंही मजेत, बाकी रोजचं फोनवर होतंच. पण परवा फोटो बघून मावशी म्हणाली ना, 'बाळ आपल्यातल्या कुणासारखंच दिसत नाही', आणि तू गप्प बसलीस, ते मनात राहिलं म्हणून हे लिहितोय. अगं आपलाच आहे तो! निम्मं माझ्याकडून, निम्मं तुझ्या सुनेकडून, त्यात पक्षपात नाही, फक्त कुठलं निम्मं येणार ते कुणाच्या हातात नसतं. गुणसूत्रांच्या २३ जोड्या, प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं, म्हणजे माझ्या एकट्याकडूनच ८३,८८,६०८ तऱ्हा झाल्या. आजी चौऱ्यांशी लक्ष योनी म्हणायची, जवळपास तेवढ्याच! शिवाय जायच्या आधी जोडीतले तुकडे आपापसात बदलतात ते वेगळंच, म्हणून तर धाकटी एवढी उंच आणि मी हा असा. आणि उंची काय, नाक काय, एकेका जीनवर ठरतच नाही, कितीतरी जीन्सचा थोडाथोडा हात असतो, त्यामुळे मावशीला म्हणावं घाई करू नकोस, वाढू दे त्याला.

आणि खरी गंमत तर फोटोत दिसतच नाही. गॅलरीत ऊन आलं की बाळ शिंकतं, लागोपाठ दोनदा, मग तिसरीसाठी तोंड उघडून थांबतं आणि ती येतच नाही. सेम बाबा! (सर्दी नाहीये, टोपी घालतो, लगेच काढा सांगू नकोस.) उजेडाने शिंक येणं घराण्यातूनच येतं, आईबापातल्या एकाला असेल तर मुलाला यायचा चान्स साधारण निम्मा. मला आहेच, आता त्यालाही.

इथल्या लोकांचं एक मात्र मला अजून कळलेलं नाही, ते पूर्वज शोधायला थुंकी पोस्टाने पाठवतात. खरंच. वाढदिवसाला गिफ्ट म्हणून नळी देतात, आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग रेघेपर्यंत थुंकायचं, फेस धरायचा नाही, झाकण लावून हलवायचं आणि डब्यात घालून पाठवायचं. काही आठवड्यांनी अमुक टक्के इथले, तमुक टक्के तिथले असा रिपोर्ट येतो, वर कुठले कुठले लांबचे चुलतभाऊ. आम्हालाही एक आलीय, ड्रॉवरमध्ये पडून आहे. मी काही थुंकणार नाहीये, काळजी नको.

हां, बाबांची शुगरही थोडी आलीय माझ्याकडे. बॉर्डरवर आहे, गोळी नाही, चालायला लागलोय, म्हणून फोनवर बोललो नव्हतो. धाकटीलाही एकदा तपासून घ्यायला सांग. तिच्या लग्नाचे निम्मे पैसे सोमवारी टाकतो, उरलेले पुढच्या महिन्यात नक्की, हॉलवाल्याला तेवढं थांबव. रजा आठच दिवस मिळतेय, आदल्या दिवशी पोचेन, तयारीला मी नाहीच म्हणजे, बाबांना तू सांग, माझ्याच्याने होत नाही. पण बाळाला घेऊन येतोय, दोघांना एकदम उन्हात उभं करू, मावशीलाही बोलव.

पैसे जमा झाले की मिस कॉल दे.

तुझा
दादू