ताई, तुम्ही मला गप्प बसायला शिकवलंत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आजीला जाऊन चार महिने झाले. तिच्या आठवणींची, तिच्याच आवाजातली अकरा रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे आहेत, एकूण साडेचौदा तास. तुम्ही भेटला नसता तर पहिल्या दिवसाची चाळीस मिनिटं तेवढी उरली असती, आणि त्यात आजीपेक्षा पंख्याचाच आवाज जास्त आहे. तुमचे आभार मी तोंडी मानले होते, पण घाईत, चार माणसांत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. कुणाच्या घरी ऐंशी-नव्वदीचं माणूस असेल, तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

"आजी काही सांगतच नाही," अशी तक्रार घेऊन मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही ते पहिलं रेकॉर्डिंग मागवून घेतलंत, पूर्ण ऐकलंत आणि एवढंच विचारलंत, "यात तू किती बोलली आहेस, मोजलंस का?" मी मोजलं. चाळीसपैकी बावीस मिनिटं माझी होती. प्रश्नही मीच विचारत होते आणि उत्तरंही मीच पुरवत होते. "तेव्हा खूप कष्ट पडले असतील ना?" "हो, पडले." संपलं.

पुढचं सुट्टीत निवांत करू, असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही सांगितलेलं विसरता येत नाही. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. ती सोसलेल्यांच्या आठवणी सरकारी योजनेतून मोठ्या प्रमाणावर टिपून घेतल्या गेल्या त्या १९३६ ते १९३८ या काळात. २,३०० हून अधिक माणसं बोलली, पण तोवर त्यांतली बरीच ऐंशीच्या पुढची होती. म्हणजे गुलामगिरी त्यांनी पाहिली ती लहानपणी. मोठेपणी जे त्यातून गेले, ते जवळजवळ सगळे बोलण्याआधीच गेले होते. "सुट्टीपर्यंत थांबू नकोस," म्हणालात आणि त्याच रविवारी स्वतः आलात.

पंखा बंद केलात. भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत गेलं. फोन दुमडलेल्या टॉवेलवर, आजीपासून हातभर अंतरावर. फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात, म्हणजे आकार कमी न करता, कारण आकार कमी करताना गेलेला आवाज पुन्हा मिळत नाही. बोलणं सुरू होण्याआधी दहा सेकंद नुसती खोलीची शांतता. आणि या सगळ्याच्या आधी आजीची परवानगी. हे कोणी ऐकलं तर चालेल, काय बाहेर जाऊ द्यायचं नाही, सगळं तिला विचारलंत. "हे तुमचं आहे. नको वाटेल ते पुसून टाकू," असं तुम्ही म्हणालात आणि आजी खुर्चीत सैल होऊन बसली. आम्ही घरच्यांनी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

"आयुष्य विचारू नकोस, दिवस विचार," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. दहा ते तीस वर्षांच्या वयातलं विचार, हेही. म्हातारपणी सर्वांत जास्त आठवणी त्याच काळातल्या वर येतात, हे मानसशास्त्रज्ञांनाही पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

तरीही चौथ्या बैठकीत मी चुकलेच. तुम्ही त्या दिवशी नव्हता. वडील गेले त्याच वर्षी आपली शाळा सुटली, असं आजी सांगत होती. मी तिचा शाळेचा दाखला पाहिला होता. दोन्हींत दोन वर्षांचं अंतर होतं, आणि मी मध्येच तसं बोलून गेले. आजीने चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली. "असेल बाई. तुम्ही शिकलेल्या." त्या दिवशी ती पुढे बोलली नाही.

रात्री मी तुम्हाला रडत फोन केला. तुम्ही मला रागावला नाहीत. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन इतिहासकाराची गोष्ट सांगितलीत. तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला १९४९ मध्ये. पण पोर्तेल्लींशी बोलताना कितीतरी कामगारांनी ते मरण १९५३ सालचं म्हणून सांगितलं, कारण त्या वर्षी मोठी कामगारकपात होऊन लोक रस्त्यावर उतरले होते. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही, लोकांना ते मरण तिथे का ठेवावंसं वाटलं हे शोधलं. "दाखल्यावरची तारीख तुझ्या वहीत लिही," म्हणालात, "आजीची तारीख आजीपाशी राहू दे."

पुढच्या बैठकीत मी आधी तिची माफी मागितली. मग विचारलं, "शाळेतला शेवटचा दिवस कसा होता गं?" आणि गप्प बसले. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता एकोणीस सेकंदांची आहे. एरवी मी तिसऱ्या सेकंदालाच तोंड उघडलं असतं. विसाव्या सेकंदाला आजी म्हणते, "पाटी परत द्यायची होती. शाळेची होती ना." तिने ती ओल्या तळव्याने पुसली. वाळल्यावर अक्षरं पुन्हा पुसट दिसायला लागली, म्हणून परत पुसली. बाईंच्या टेबलावर उलटी ठेवून निघून आली. मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "वडील असते तर सुटली नसती शाळा." मधली दोन वर्षं तिच्या हिशेबात का नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला मला सहा तास लागतात. अजून निम्मं बाकी आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे तीन प्रती केल्या आहेत, त्यातली एक घराबाहेर, मावशीकडे. शाळेचा भाग नातवंडांनी ऐकावा, असं आजी स्वतःच म्हणाली होती. म्हणूनच तो इथे लिहिला. नववी फाइल तिने कुणाला ऐकवू नका म्हटलं होतं. ती तशीच बंद आहे.

तुम्ही आलात त्या रविवारची फाइल काल रात्री लावली. सुरुवातीची दहा सेकंदं मी नेहमी पुढे ढकलायचे, काल ऐकली. आजीचा श्वास ऐकू येतो. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज येतो. मग ती हळूच विचारते, "आता बोलू का?"

आणि तुम्ही म्हणता, "बोला आजी. आम्हाला घाई नाही."

तुमची ऋणी,
आजीची नात