परदेशी नोकरीच्या व्हिसाची माहिती मराठीत लावा

संपादक महोदय,

पुण्यात 'परदेशात नोकरी'च्या पाट्या पायलीला पन्नास मिळतात, पण तिथली माहिती अनेकदा अर्धवट असते. जून २०२४ पासून जर्मनीने 'चान्सनकार्ट' सुरू केले. ते मिळाले म्हणजे नोकरी पक्की, असा मुलांचा समज करून दिला जातो. खरे तर ती वर्षभर राहून नोकरी शोधण्याची परवानगी आहे. त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते आणि राहण्याखाण्याच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण किमान वार्षिक वेतनमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंड झाली, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड. जुने आकडे दाखवून फी घेणे ही सरळ फसवणूक आहे.

मला जास्त काळजी वाटते ती आखातात जाणाऱ्या वेल्डर, गवंडी, ड्रायव्हर मुलांची. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ' असे सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका! १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला केंद्राकडे नोंदणी सक्तीची आहे. त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापलीकडे जाऊ शकत नाही. नोंदणी खरी की खोटी, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर फुकट तपासता येते.

एवढी माहिती तरी औंधच्या आयटीआयमध्ये आणि जिल्हाधिकारी कार्यालयात मराठीत, ठळक अक्षरांत लावावी.

— एक वाचक, कोथरूड, पुणे